मुदलाळींची मान

त्या बुधवारी सकाळी तंजावूरच्या दक्षिण वीथीतल्या 'बाळकृष्ण कॉफी' या दुकानापुढे नेहमीची गाय येऊन उभी राहिली आणि रामस्वामीने नेहमीप्रमाणे मागे वळून विचारलं, "मुदलाळी, गाय आलीय. सालं घालू?"

मुदलाळी म्हणजे मालक, बाळकृष्णराव. गल्ल्यामागच्या वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी हनुवटी किंचित खाली नेली. म्हणजे हो. रामस्वामीने गायीपुढे केळ्याची सालं टाकली. गाय रोज येत असे, सालं रोज मिळत असत आणि तरी प्रश्न रोज विचारला जात असे. न विचारता सालं घातली असती तर गायीनंसुद्धा ती संशयाने हुंगली असती.

दुकानात कामाला तिघं. गिऱ्हाइकाला कॉफी नि तिच्यात घालायची चिकरीची पूड मापून, मिसळून, दळून देणारा रामस्वामी; बिया भाजणारा गुरुमूर्ती; आणि पुड्या बांधता बांधता अख्ख्या पेठेच्या बातम्या सांगणारी भामा. पंखा लावायचा का, दुपारी दार ओढून घ्यायचं का, अमक्या मामींना आज चिकरी थोडी कमी घालू का, सगळ्याला मुदलाळींची मान लागे. भाजणी हा तर सोहळाच. फिरत्या ड्रमात बिया तडतडू लागल्या, धूर दाटला की एका क्षणी गुरुमूर्ती खुर्चीकडे वळे. बाळकृष्णराव डोळे मिटून दीर्घ श्वास घेत. रांगेतली गिऱ्हाइकं एकमेकांना कोपरानं ढोसत, "नाक बघा, नाक!" मग मान हले आणि चॉकलेटी बियांचा धबधबा चाळणीत कोसळे. डोळे बांधले तरी बाळकृष्णराव वासावरून कॉफीचा मळा ओळखतात, असं तंजावुरात सर्रास सांगत. डोळे कुणी बांधले नव्हते, हा भाग वेगळा.

अखिला, त्यांची मुलगी, कॉलेजला जाताना मोपेड थांबवून त्यांचा डबा देई. मुलींच्या कॉलेजात ती वाणिज्य शिकवायची. त्या दिवशी तिला व्यवस्थापनातला 'अधिकारप्रदान' हा धडा घ्यायचा होता. मालकाने निर्णय घ्यायचे अधिकार हाताखालच्यांना कसे वाटून द्यावेत, याची सात तत्त्वं ती दरवर्षी न अडखळता सांगे. डबा ठेवताना तिला राहवलं नाही.

"अप्पा, निदान गायीपुरता अधिकार तरी रामस्वामीला देऊन टाका."

"देऊ की गे," बाळकृष्णराव म्हणाले. "पण असं घाईनं देऊन चालत नाही. विचार करायला हवा." त्यांनी डब्याचं झाकण काढून आत पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "रसवांगी होय! बरं, जा तू, उशीर होईल. ते उद्या ठरवू."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले नाहीत.

तेरावा झाला आणि अखिलाच्या घरी सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. त्यात आघाडीवर शेजारचे वेंकटरमण मामा. ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते; पण सल्ला देण्यातून निवृत्त व्हायचं वय सरकारने ठरवून दिलेलं नसल्यामुळे ते काम अजून चालू होतं. "हे बघ अखिला," ते म्हणाले, "बाईमाणसानं गल्ल्यावर बसणं बरं दिसत नाही. बसायचंच असेल तर नोकरी सोडून बस. पण नोकरी मात्र सोडू नकोस, पेन्शन आहे. त्यापेक्षा दुकान विक. पण विकशील कशी? बापाचं नाव आहे त्यावर." एका श्वासात चारी दिशांना जाणारे चार सल्ले. वर ते पाचवंही बोलले, "आणि आवणी महिन्यात आमच्या वाणीचं लग्न. कॉफीपूड तुमच्याकडचीच. तुझ्या अप्पांना मी शब्द दिलाय."

विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक तयार होतं. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि त्यातून सगळ्यात आधी डिश अँटेना आत आले होते. तिरुच्चीच्या एका एजंटाला त्यांचं शोरूम थाटायला दक्षिण वीथीतली हीच जागा हवी होती. "आवणी संपेपर्यंत कळवा मॅडम," तो म्हणाला, आणि अप्पांच्या खुर्चीच्या जागी एक रंगीत टीव्ही कसा शोभेल, ते त्यानं हातवारे करून दाखवलं.

सल्ला दिला नाही तो फक्त अखिलाच्या आईने, सरोजाबाईंनी. त्या फक्त रोज दहाच्या सुमारास मागच्या दारात जाऊन उभ्या राहत. वारा त्या बाजूचा असला की भाजणीचा वास घरापर्यंत येई.

हे पाहून अखिलाने ठरवलं: नोकरीही सोडायची नाही, दुकानही विकायचं नाही. पुस्तकात सात तत्त्वं लिहिलेली आहेत, ती काय फक्त परीक्षेपुरती?

रविवारी तिने तिघांना बोलावलं. अप्पांचा फोटो खुर्चीमागच्या भिंतीवर टांगला होता, त्याला ताजा हार होता. खुर्ची रिकामीच ठेवलेली होती. तिथे बसायचा धीर तिलाही नव्हता.

"आजपासून सगळे निर्णय तुम्ही घ्यायचे," ती म्हणाली. "भाजणीचे गुरुमूर्तींनी, गिऱ्हाइकांचे रामस्वामींनी, बाकी दुकानाचे भामाने. मला विचारायचं नाही."

तिघंही एकमेकांची तोंडं बघू लागली. घरात मराठी आणि दुकानात तमिळ, अशी बाळकृष्णरावांच्या कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तमिळमध्ये आपण काही भलतंच बोलून गेलो की काय, असं अखिलाला वाटू लागलं.

"सरि चिन्नम्मा," शेवटी रामस्वामी म्हणाला. सरि म्हणजे बरं, आणि चिन्नम्मा म्हणजे धाकट्या मालकीणबाई. "पण आम्ही ठरवायचं, हे कोणी ठरवलं?"

"मी."

"मग तुम्हीच ठरवताय ना?"

"हे एवढं एकच ठरवलं. यापुढचं तुम्ही."

"आणि चुकलं तर?" गुरुमूर्तीने विचारलं. त्याने तपकिरीची चिमूट नाकात कोंबली, एवढा तो घाबरला होता.

"चुकलं तर चुकलं. चुकांमधूनच माणूस शिकतो. चौथं तत्त्व."

"मुदलाळी असताना चुकायची सोय नव्हती," भामा म्हणाली. तिने ते कौतुकाने म्हटलं की तक्रारीने, हे कळलं नाही.

पहिल्या आठवड्यात कॉलेजातल्या फोनला उसंत मिळाली नाही. कॉलेजात फोन एकच, तो प्राचार्यांच्या टेबलावर. शिपाई वर्गाच्या दारात येई, अखिला खडू ठेवून जिना उतरे, प्राचार्यांकडे पाहून ओशाळं हसे आणि फोन कानाला लावी. पलीकडून आवाज येई, "चिन्नम्मा, गाय आलीय."

"तुम्हीच ठरवा," ती दबल्या आवाजात म्हणे.

"घालूच ना सालं?"

"तुम्ही ठरवा!"

प्राचार्या फायलीतून डोकं वर न काढता विचारत, "घरी सगळं ठीक?"

एक दिवस फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अखिलाने वर्गात एका लहान व्यवसायाचं, अर्थात नाव न घेता, उदाहरण दिलं. सुरुवातीचा गोंधळ, मालकाचा संयम आणि शेवटी कर्मचाऱ्यांमध्ये जागा झालेला आत्मविश्वास, असे टप्पे तिने फळ्यावर लिहिले. मुलींनी ते उतरवून घेतले. त्यातल्या एकीच्या घरी 'बाळकृष्ण कॉफी'ची पूड येत होती. तिने हात वर केला, थोडा विचार केला आणि खाली घेतला.

तक्रारी देवळात सुरू झाल्या. प्रदक्षिणेत एका मामींनी अखिलाला गाठलं, "काय गे, सोमवारची कॉफी म्हणजे पिवळं पाणी, आणि मंगळवारची म्हणजे कोळसा. तुमचा गुरुमूर्ती आजारी आहे का?" दुसऱ्या मामींना चिकरी चालत नसे, त्यांच्या पुडीत निम्मी चिकरी निघाली. ज्यांना चिकरीशिवाय कॉफी गोड लागत नसे, त्यांना नावालाही मिळाली नाही. एका गुरुवारी भर दहा वाजता दुकान बंद होतं, बाहेर माणसं ताटकळत होती. आणि अमावस्येला, जेव्हा कुणी फिरकत नाही, तेव्हा ते अंधार पडेपर्यंत उघडं होतं. वेंकटरमण मामा पुडी घेऊन घरीच आले. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पुरावा पोलिसांच्या ताब्यात दिल्यासारखे मागे सरले.

अखिलाला झोप लागेना. दुकानात जाऊन तिघांना फैलावर घ्यावं असं रोज वाटे. पण पाचवं तत्त्व सांगत होतं, दिलेल्या अधिकारात मालकाने लुडबूड करू नये. आपण शिकवतो ते खरं असेल तर हे सगळं आपोआप सुधारायला हवं, आणि सुधारत नसेल तर आपण इतकी वर्षं मुलींना काय शिकवलं? कॉफीवरून सुरू झालेली काळजी अशी थेट नोकरीपर्यंत जाऊन पोचली. त्यातून एक गोष्ट तिला समजत नव्हती. एवढ्या तक्रारी असूनही विक्री वाढत होती.

तेवढ्यात परवान्याची कटकट उपटली. दुकानाचा परवाना अप्पांच्या नावावर, तो आईच्या नावावर करायचा होता. परवान्याच्या कचेरीत कारकुनाने कागद पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे. साहेबांची सही झाली की झालं."

"साहेब कुठे आहेत?"

"जुने साहेब बदलून गेले. नवे अजून रुजू झाले नाहीत."

"मग त्यांच्या जागी कुणाकडे तरी चार्ज असेल ना?"

"आहे की. माझ्याकडेच. पण चार्ज म्हणजे खुर्ची सांभाळायची. सही करणं म्हणजे निर्णय घेणं, तो मी कसा घेऊ?"

अखिलाला त्याच्याशी वाद घालवेना. असली माणसं तिने पगारावर ठेवलेली होती.

"नवे साहेब येणार कधी?"

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं म्हणजे मागच्याच आठवड्यात यायचे होते. पण बदली घ्यावी की नाही, त्यांच्या मनाचं ठरत नव्हतं. म्हणून त्यांच्या सासूबाईंनी जाऊन फूल विचारलं. तांबडं आलं. साहेबांनी रजा वाढवली."

"कुठल्या देवळात विचारलं?" अखिलाने वैतागून विचारलं.

"देवळात नाही मॅडम," कारकून आश्चर्याने म्हणाला. "तुमच्याच दुकानात."

कौल लावावा तसाच हा फूल विचारण्याचा प्रकार. दोन पानांत दोन फुलं बांधायची, एकात पांढरं, एकात तांबडं, आणि दोन्ही पुड्या देवापुढे ठेवायच्या. मनातला प्रश्न सांगायचा आणि एखाद्या अजाण लेकराच्या हातून एक उचलायची. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही. सोयरीक असो की घराचा पाया, तंजावुरातली बरीच माणसं फुलाला विचारल्याशिवाय पुढे जात नसत. ही रीत अखिलाला लहानपणापासून ठाऊक होती. फक्त ती कॉफीच्या दुकानात कशी शिरली, हे कळेना.

ती तडक दुकानात गेली. रांग फुटपाथवर आली होती. आत अप्पांच्या फोटोपुढे पितळी ताट मांडलं होतं, त्यात पानांच्या दोन पुड्या होत्या. शेजारी एका गिऱ्हाइकाची नात स्टुलावर बसून मुरमुरे खात होती.

"मुदलाळी," रामस्वामी हात जोडून फोटोला म्हणाला, "या मामींना अर्धा किलो. चिकरी घालू?"

नातीनं पुडी उचलली. भामानं सोडली. "पांढरं! घाला."

"अहो, मला नाही चालत चिकरी," मामी क्षीण आवाजात म्हणाल्या.

"मुदलाळी म्हणतायत," रामस्वामी म्हणाला, आणि मामी गप्प झाल्या.

मागून गुरुमूर्ती ओरडला, "बिया काढू का विचारा!" तांबडं निघालं. "नाही म्हणतायत. थांबा अजून." पुन्हा विचारलं, पुन्हा तांबडं. दुकान धुरानं भरलं, लोक खोकू लागले. पण कुणी बाहेर गेलं नाही, कारण रांगेतल्या निम्म्या माणसांना कॉफी नको होती. कुणाला मुलाच्या परीक्षेचं विचारायचं होतं, कुणाला बदलीचं, कुणाला विहिरीचं. फुकट विचारणं बरं दिसत नाही म्हणून ती पन्नास ग्रॅम पूड घेत होती. अखिलाला विक्रीचा उलगडा झाला.

रांगेत तिसरे वेंकटरमण मामा होते.

"मामा, तुम्ही?"

"त्याचं असं आहे," मामा दुसरीकडेच कुठेतरी पाहत म्हणाले, "पूड अशी झाल्यावर लग्नाची ऑर्डर तुमच्याकडे ठेवावी की नाही, मोठा पेच पडला. शब्द तुझ्या अप्पांना दिलेला. म्हटलं, त्यांनाच विचारावं." एवढ्यात त्यांची पाळी आली. नातीनं पुडी उचलली. तांबडं. मामांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव स्पष्ट दिसला. "आता तूच पाहिलंस. बाळकृष्णरावांनीच नाही म्हटलं, तिथे मी काय करणार?"

म्हणजे अप्पांच्या दुकानाची सगळ्यात मोठी ऑर्डर अप्पांनीच, भर दुकानात, मुलीच्या डोळ्यांदेखत नाकारली होती.

रांग पांगल्यावर अखिलाने दार ओढून घेतलं. "मी काय सांगितलं होतं? ठरवायचं कोणी?"

"आम्ही," गुरुमूर्ती म्हणाला. "ठरवलंच की."

"काय ठरवलंत?"

"मुदलाळींना विचारायचं, असं ठरवलं."

"तिघांनी मिळून," भामा म्हणाली. "बरेच दिवस भांडून. रामस्वामी तर रडला."

"रडलो नाही. चिकरी डोळ्यात गेली."

ज्याला निर्णय म्हणावा असा तिघांनी आयुष्यात एकच घेतला होता, आणि पुस्तकाप्रमाणे तो मोडायचा अखिलाला अधिकार नव्हता.

"फोटो घरी नेते," ती म्हणाली.

तिघंही तिच्याकडे असं पाहू लागली, की तिचा हात खिळ्यापर्यंत पोचलाच नाही.

घरी आईनेही फोटो आणू दिला नाही. "असू दे गे फोटो तिथंच," त्या म्हणाल्या. "माणसं येतायत, त्यांना विचारतायत. घरी आणलास तर इथे कोण विचारणार?"

खरं म्हणजे हा सगळा खेळ एका वाक्यात बंद पाडता आला असता. ते वाक्य अखिलाला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक असावं.

काही वर्षांपूर्वी अप्पांना मोठा ताप आला होता. ताप उतरला आणि ते पुन्हा दुकानात जाऊ लागले. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात दूध करपलं. घरभर जळका वास. आणि शेगडीपासून दोन हातांवर अप्पा शांतपणे पेपर वाचत बसलेले. अखिलाने शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि काही बोलली नाही. अप्पांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि तेही काही बोलले नाहीत. तेव्हापासून घरात फोडणी पडली की ती उगाच मोठ्याने म्हणे, "अम्मा, हिंगाचा काय वास सुटलाय!" आईही म्हणे, "आज जाई फुललीय वाटतं, वास येतोय." अप्पा मान डोलावत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन खुर्चीत बसत, डोळे मिटून खोल श्वास घेत, आणि अख्खं तंजावूर म्हणे, नाक बघा नाक.

हे ती कुणाला सांगणार होती? दुकान वाचवायला अप्पांचं नाक बाजारात मांडायचं? त्यापेक्षा डिश अँटेना परवडले. आवणी संपत आला होता. एजंटाचा माणूस दोनदा येऊन खुर्चीच्या जागेची मापं घेऊन गेला.

मामांच्या मुलीचं, वाणीचं, लग्न तिरुवैयारुच्या कार्यालयात होतं. आदल्या दिवशी सकाळी कोइंबतूरहून वरपक्ष उतरला. मामांनी लग्नासाठी मागवलेल्या तयार पाकिटांची पहिली कॉफी बाहेर गेली, मुलाच्या आत्याबाईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत. "असू दे, इथलं पाणीच तसं असेल," एवढंच म्हणाल्या. यापेक्षा त्यांनी तोंडावर फेकली असती तरी चाललं असतं. त्या एवढ्याशा वाक्याने मंडपात कुजबुज सुरू झाली. आता तीनच्या टिफिनबरोबरची कॉफीही तशीच गेली, तर उद्या अक्षता पडेपर्यंत हाच विषय चालणार होता.

मामा रिक्षा करून दुकानात धडकले. शनिवार होता, अखिला तिथेच होती.

"ती उंची पीबेरी बी भाज! ताबडतोब!" ते गुरुमूर्तीवर ओरडले, हेडमास्तर होते तेव्हाच्या आवाजात.

"पण मुदलाळींनी तुमची ऑर्डर नको म्हटलंय," रामस्वामी म्हणाला.

"अरे, मी पुन्हा विचारतो!"

भामानं ताट मांडलं. पण नेमकं दुकानात एकही लेकरू नव्हतं. "मीच काढतो," मामांनी हात पुढे केला. भामानं ताट मागे घेतलं. "तुमचा हात चालायचा नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे."

"मी तर बिया घातल्यासुद्धा," मागून गुरुमूर्तीचा रडवेला आवाज आला. मास्तरी आवाजाला तो जन्मभर घाबरत आला होता.

ड्रम फिरू लागला. बिया तडतडल्या. भामा लेकरू शोधायला दारापर्यंत जाऊन परत आली. मामा घड्याळ बघत, फोटोला नमस्कार करत, पुन्हा घड्याळ बघत. अखिला पुढे येता येता वेताच्या खुर्चीला अडखळली आणि तोल जाऊन तिच्यात बसली. धुराचा लोट पुढे आला. आणि त्याच क्षणी, काही न ठरवता, जन्माच्या सवयीने, गुरुमूर्ती खुर्चीकडे वळला.

खुर्चीत ती होती. तो वाट पाहत होता. अखिलाला धुराखेरीज कशाचाही वास येत नव्हता. बिया कच्च्या असतील, की करपल्या असतील? शेजारच्या मुलीचं लग्न, अप्पांचं नाव, सगळं एका मानेवर आलं होतं, आणि मानेला काहीच कळत नव्हतं.

तिने मान हलवली.

बियांचा धबधबा चाळणीत कोसळला. रंग अप्पांच्या वेळचा होता.

रविवारी लग्न लागलं. आत्याबाईंनी शनिवारी दुपारी कॉफीचा दुसरा पेला मागून घेतला, ही बातमी मंगळसूत्र बांधायच्या आधीच तंजावुरात पोचली. सोमवारी सकाळी एजंटाला उत्तर द्यायचं होतं म्हणून अखिला दुकानात आली, तर खुर्चीला हार घातलेला. वेंकटरमण मामा, चार मामी आणि सरोजाबाईसुद्धा आधीच येऊन बसल्या होत्या. फुलांचं ताट नाहीसं झालं होतं.

"आता फुलं कशाला?" भामा म्हणाली. "मुदलाळींचं नाक चिन्नम्माला आलंय. बसा."

"चिन्नम्मा, गाय आलीय," रामस्वामी आनंदाने म्हणाला.

"कॉलेज सोड," मामा म्हणाले. "मी तर आधीपासून सांगत होतो."

सरोजाबाई तिच्याकडे बघून हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी हसत होत्या. "बस गे," त्या म्हणाल्या.

अखिला उभीच राहिली. या खुर्चीत एकदा बसलो की मरेपर्यंत उठता येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. दारात एजंट उभा होता. तो तिला एकदम सुटकेचा दरवाजा वाटला, आणि त्याची तिला भीती वाटली.

"गुरुमूर्ती," ती म्हणाली, "परवा तुम्ही वळलात. नेमके तेव्हाच का वळलात?"

गुरुमूर्ती बुचकळ्यात पडला. "भामा खोकली ना. ती खोकली की मी वळतो. तपकिरीनं माझं नाक कधीच बसलंय."

"मी काय हौसेनं खोकते?" भामा उसळली. "रामस्वामी मागचं दार उघडतो, सगळा धूर माझ्या घशात."

"बियांचा आवाज बारीक झाला की उकडायला लागतं, म्हणून उघडतो," रामस्वामी म्हणाला. "पण मान मुदलाळींचीच हं! आमचं काय? नाक त्यांचं."

"नाक त्यांचं," सगळे म्हणाले.

अखिलाने आईकडे पाहिलं. आईचं हसू मावळलं होतं. पुढे काय येणार ते त्यांना कळलं होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. मग, फार हळू, मान खाली नेली.

"अप्पांना वास येत नव्हता," अखिला म्हणाली. "त्या तापानंतर कधीच आला नाही. कॉफीचा नाही, कशाचाच नाही. तुम्ही तिघं ठरवत होता आणि ते हो म्हणत होते. परवा मीही तेच केलं. आता मला विचारू नका, फुलालाही विचारू नका." तिने एजंटाकडे पाहून नाही अशी मान हलवली. मग ती फोटोकडे वळली. हा आवाज मात्र दुकानासाठी नव्हता.

"मला ठाऊक होतं, अप्पा. रोज फार भीती वाटायची ना तुम्हाला?"